लोकप्रिय गायक आणि समीक्षेचा तराजू

१० डिसेंबर २०२२ रोजी सुलोचनाबाई चव्हाण यांचे निधन झाले. ज्या गिरगावात त्या जन्मल्या आणि वाढल्या, त्याच गिरगावात फणसवाडीतील राहत्या घरी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या निधनानंतर जे श्रद्धांजलीपर लेखन झाले, त्यात तीन गोष्टी हटकून आल्या : आचार्य अत्र्यांनी दिलेली ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी, डोक्यावरून पदर घेऊन गाण्याचा त्यांचा रिवाज आणि फार उशिरा आलेला शासकीय सन्मान. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांपैकी एकही त्यांच्या गाण्याविषयी नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात आले नाही. पदवी हा गौरव, पदर हा शालीनतेचा दाखला आणि सन्मान ही सरकारी नोंद. सत्तर वर्षे एक गळा मराठी माणसाच्या कानावर राज्य करीत राहिला. तो गळा नेमके काय करीत होता, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

आपली संगीतसमीक्षा लोकप्रिय गायकांना न्याय देते काय, हा प्रश्न त्यामुळे विचारावासा वाटतो. समीक्षक या गायकांवर तुटून पडतात, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. ती तितकीशी खरी नाही. कठोर टीकेसाठी देखील आधी लक्षपूर्वक ऐकावे लागते आणि अन्यायाचे मूळ याच ऐकण्याच्या अभावात आहे. हयातीत उपेक्षा आणि मृत्यूनंतर स्तुती, या दोन्ही मार्गांनी आपण एकच गोष्ट टाळतो, ती म्हणजे परीक्षण.

खप हा पुरावा नव्हे

प्रथम समीक्षकांची बाजू मांडली पाहिजे, कारण ती निर्बल नाही. त्यांचे म्हणणे असे की, जे पुष्कळांना आवडते ते चांगलेच असते असा नियम नाही. हे म्हणणे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तर तत्काळ पटावे. बाजारात एखाद्या वस्तूची किंमत ठरते ती मागणी आणि पुरवठ्याने. त्या किमतीवरून वस्तूचे अंगभूत मूल्य कळत नाही, हे आम्ही पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. शिवाय मागणी ही देखील स्वयंभू नसते. जाहिरात, ध्वनिक्षेपक, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा आणि आता यूट्यूब यांनी ती घडविली जाते. ‘लोकांना आवडते ना, मग झाले’ हा युक्तिवाद कलेच्या दरबारात टिकणारा नाही.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजू आपण सोयीस्करपणे विसरतो. खप हा जसा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, तसा तो हीनतेचाही पुरावा नव्हे. ज्या गाण्याच्या लाखो प्रती विकल्या गेल्या ते सवंगच असणार, असे गृहीत धरणारा समीक्षक नकळत बाजाराचाच निर्णय शिरोधार्य मानीत असतो. फक्त त्याने चिन्ह उलटे केलेले असते. दोघांनीही आकड्याकडे पाहिले, गाणे कोणीच ऐकले नाही.

मापदंड आला कोठून?

मराठीत संगीतसमीक्षेची परंपरा नाही, असे कोणी म्हणणार नाही. केशवराव भोळे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गायकांची जी मार्मिक परीक्षणे लिहिली, ती आजही वाचावीत अशी आहेत. वामनराव देशपांडे हे व्यवसायाने हिशेब तपासणारे. पण ‘घरंदाज गायकी’ या १९६१ च्या ग्रंथात त्यांनी स्वर आणि लय यांचा जो ताळेबंद मांडला, त्यास तोड नाही. घराण्यांची शिस्त, रागाची शुद्धता, आलापीचा विस्तार, तानेची घडण हे या समीक्षेचे निकष. ख्यालगायनासाठी ते योग्यच आहेत.

अडचण निर्माण झाली ती हेच निकष सर्वत्र लावले जाऊ लागले तेव्हा. याचा सर्वांत ठळक नमुना आकाशवाणीवर दिसला. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताविषयी त्यांना मनापासून आस्था होती, आणि अनेक गुणी गायक-वादकांना आकाशवाणीचा आधार त्यांच्याच काळात मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु चित्रपटगीते ही अभिरुची बिघडविणारी आहेत, या धारणेतून त्यांच्या कारकिर्दीत ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी अभिरुची बदलली नाही, केंद्र बदलले. त्याच वर्षाअखेर रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशातील श्रोता परदेशी केंद्राकडे वळला. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. पुरवठा बंद केल्याने मागणी मरत नाही, दुसरे दुकान शोधते, हा धडा त्यात आहेच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. त्या सर्व वर्षांत चित्रपटगीत चांगले कोणते आणि वाईट कोणते, हा भेद करण्याची गरजच उरली नाही. सरसकट बंदीने समीक्षेचे काम संपवून टाकले.

या गोंधळातून बाहेर पडण्याचा मार्ग पुढे आपल्याच मुंबईत एका विद्वानाने दाखवून दिला होता. डॉ. अशोक दा. रानडे यांनी मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा वाहिली आणि भारतीय संगीताचे आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम असे कोटिक्रम मांडले. या मांडणीचा गाभा असा की, प्रत्येक कोटीचे प्रयोजन निराळे, श्रोता निराळा, सादरीकरणाची जागा निराळी. म्हणून तिचे निकषही तिच्यातूनच शोधले पाहिजेत. जनसंगीत हे कलासंगीताचे बिघडलेले रूप नव्हे. लोखंडाच्या वखारीत सोनाराचा काटा घेऊन बसणाऱ्याचा माल खोटा नसतो, त्याचा काटा चुकीचा असतो. रानड्यांचे नाव आपण आदराने घेतो, पण दैनिकांतील परीक्षणे लिहिताना त्यांचा हा विवेक क्वचितच वापरतो.

पदराआड राहिलेली कला

आता पुन्हा सुलोचनाबाईंकडे वळू. लग्नापूर्वीच्या सुलोचना कदम गणेशोत्सवातील मेळ्यांतून पुढे आल्या आणि हिंदी चित्रपटांत गाऊ लागल्या. ‘ढोलक’ या १९५१ च्या चित्रपटातील त्यांची गाणी जुने श्रोते अजून विसरलेले नाहीत. लावणीकडे त्या वळल्या वसंत देसाई यांच्या संगीतातील ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटापासून. पुढे वसंत पवारांचे संगीत लाभलेल्या ‘रंगल्या रात्री अशा’ या १९६२ च्या आणि ‘मल्हारी मार्तंड’ या १९६५ च्या चित्रपटांनी त्यांचा आवाज घरोघर नेला. जगदीश खेबुडकर आणि ग. दि. माडगूळकर यांच्यासारखे कवी त्यांना लाभले. एवढे सर्व लिहिले गेले आहे. यापुढचे लिहिले गेलेले नाही.

फडावरची लावणी ही एकट्या गळ्याची कला नाही. तिथे शब्द गाणारीचे, अदा नाचणारीची, बोल ढोलकीचे आणि दाद झीलकऱ्यांची. अर्थ या सर्वांत वाटून दिलेला असतो. एखादा शब्द अर्धवट सोडला तरी डोळा किंवा हात तो पुरा करतो. ध्वनिमुद्रिकेवर यांतले काहीही दिसत नाही. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत नृत्य नाही, मुद्रा नाही, समोरचा रसिक नाही. म्हणजे फडावर चौघांनी उचललेला भार इथे एकट्या आवाजावर येतो. सुलोचनाबाईंनी तो उचलला, हे त्यांचे खरे कर्तृत्व. शब्दाच्या आरंभीच्या व्यंजनावर नेमका ठसका द्यायचा, ओळीच्या मध्येच स्वर क्षणभर अडवायचा, ढोलकीच्या बोलाला पुढे जाऊ द्यायचे आणि मग समेवर तिला गाठायचे, हसू गळ्यात आणायचे पण हसायचे नाही, या सर्व गोष्टी त्या आवाजात सापडतात. ही शब्दफेक आपल्याला पती श्यामराव चव्हाण यांनी शिकविली, असे त्या सांगत. शिकविण्यासारखे आणि शिकण्यासारखे त्यात काही होते, याची ही मोठी साक्ष आहे.

या दृष्टीने पाहिले की डोक्यावरच्या पदराचा अर्थही बदलतो. हावभाव न करता, स्थिर उभे राहून त्या लावणी गात. आपण त्याला शालीनता म्हटले आणि समाधान पावलो. त्यांचा हेतू काहीही असो, परिणाम कलेच्या दृष्टीने विलक्षण होता : ज्या प्रकारात देह हाच निम्मा अर्थ मानला जातो, तो प्रकार त्यांनी देहाची मदत न घेता केवळ आवाजावर उभा करून दाखविला. पदराचे कौतुक करणाऱ्यांनी गायिकेला चारित्र्याचे प्रमाणपत्र दिले. गायनाचे परीक्षण केले नाही. ख्यालगायकाचे मूल्यमापन कोणी त्याच्या उपरण्यावरून करीत नाही.

गिरगाव ते लालबाग

समीक्षेचा हा पक्षपात केवळ सौंदर्यशास्त्रातून आलेला नाही. त्यास एक भूगोलही आहे. गिरगावात लक्ष्मीबाग, ट्रिनिटी क्लब, ब्राह्मण सभा, साहित्य संघ. दादरला शिवाजी मंदिर. मराठी समीक्षकाचा राबता प्रायः या जागांत. गिरगावापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवर लालबागला हनुमान थिएटर होते. गावोगावचे तमाशाचे फड तिथे मुक्कामाला येत आणि पाळी संपवून आलेला गिरणी कामगार तिकीट काढून पुढे बसे. परळ-नायगावच्या चाळींतून शाहिरीचे, कव्वालीचे आणि भीमगीतांचे कार्यक्रम रात्र-रात्र रंगत. नायगावातच जन्मलेले विठ्ठल उमप लावणी, कोळीगीत, भीमगीत आणि गझल अशा सर्व प्रकारांत संचार करीत होते. त्यांच्या ‘जांभूळ आख्याना’ने लोककलेच्या मांडणीचा एक मानदंडच निर्माण केला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच त्यांनी देह ठेवला.

वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून लक्ष्मीबागेकडे जाणारी वाट जितकी मळलेली होती, तितकी लालबागकडे जाणारी नव्हती. यात जातीचा प्रश्न नव्हता असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. लावणी आणि तमाशा ज्या समाजांनी शतकानुशतके सांभाळला, त्या समाजांना समीक्षकांच्या बैठकीत स्थान नव्हते. लावणी गुणगुणली की चांगल्या घरच्या मुलीला बोलणी खावी लागत, हा काळ फार जुना नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या आणि तो श्रोता कल्याण, डोंबिवली, विरारकडे किंवा थेट गावाकडे पांगला. हनुमान थिएटरातला तमाशाही थांबला. ज्या मैफिलींची परीक्षणे तेव्हा लिहिली गेली नाहीत, ती आता कोणालाच लिहिता येणार नाहीत. समीक्षेच्या आळसाची किंमत अशी कायमची असते.

अप्रतिष्ठेचे अर्थकारण

गायकाच्या मिळकतीविषयी ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक विचार मांडला आहे. ऑपेरातील गायक, नट व नर्तक यांना भरमसाट मोबदला मिळतो, याची त्याने दोन कारणे दिली : एक, त्यांच्या गुणांची दुर्मिळता, दोन, ते गुण पैशासाठी वापरण्याला समाजात असलेली अप्रतिष्ठा. अप्रतिष्ठा सोसण्याची भरपाई म्हणून जास्त पैसा द्यावा लागतो; ती दूर झाली तर अधिक माणसे या व्यवसायात येतील आणि मोबदला उतरेल, असे त्याचे अनुमान.

आपल्याकडे हे गणित उलटे झाले. स्मिथच्या विचारात माणूस व्यवसाय निवडण्यास मोकळा आहे. जिथे जन्मानेच व्यवसाय ठरतो आणि बाहेर पडण्याची दारे बंद असतात, तिथे अप्रतिष्ठेची भरपाई मागण्याची शक्ती कलावंताजवळ राहत नाही. अप्रतिष्ठाही त्याच्या वाट्याला येते आणि मोबदलाही तुटपुंजाच. ज्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्या नावाने आज राज्य शासन तमाशातील जीवनगौरव पुरस्कार देते, त्या विठाबाईंचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले, हे याचे बोलके उदाहरण होय. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावाला आलेली किंमत त्यांच्या हाती आली नाही.

इथे समीक्षेचा संबंध येतो. प्रतिष्ठा ही कलावंताची भांडवली गुंतवणूक आहे, आणि ती निर्माण करणाऱ्या यंत्रणांत समीक्षा ही एक प्रमुख यंत्रणा आहे. अनुदान, पुरस्कार, पाठ्यक्रमातील स्थान, ध्वनिसंग्रहातील जतन हे सारे निर्णय घेणारी माणसे गाणे ऐकून निर्णय घेत नाहीत. ती लिहिलेले वाचून घेतात. ज्याच्याविषयी लिहिले गेले नाही तो या व्यवहारात नसल्यासारखाच.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली. ध्वनिमुद्रणाचा खर्च एकदम खाली आला आणि ज्यांना स्टुडिओचा दरवाजा उघडत नव्हता, त्यांचा आवाज टपरी-टपरीवर पोहोचला. प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांची लोकप्रियता या लाटेवर स्वार झाली. या क्रांतीचा पहिला साक्षेपी अभ्यास पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला, ही गोष्ट आपल्या विचार करण्याजोगी आहे. कायदाही मागाहूनच आला. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात गायक-वादकाचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मान्य झाला आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यापारी उपयोगातून त्याला स्वामित्वधनाचा वाटा मिळण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली. प्रल्हाद शिंदे २००४ मध्येच गेले होते.

सहानुभूतीचा अन्याय

अलीकडे उपेक्षेची जागा काही प्रमाणात सहानुभूतीने घेतली आहे. शिंदे घराणे किंवा वामनदादा कर्डक यांच्यावर लेख व प्रबंध लिहिले जातात, हे स्वागतार्हच. परंतु त्यांतील बहुतेकांत गाणे हे चळवळीचे साधन, समाजाचा आरसा किंवा विद्रोहाचा हुंकार म्हणून येते. ते तसे आहेही. पण प्रल्हाद शिंदे हे दलित समाजातून आले एवढे सांगून त्यांच्या विठ्ठलगीतांचा उलगडा होत नाही. कव्वालीच्या मुशीत घडलेला तो मोकळा, चढा आवाज उघड्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत कसा पोहोचतो, देवाला घातलेली साद तो किती लांबवितो आणि कोठे तोडतो, भीमगीत आणि भक्तिगीत गाताना त्याचा लगाव कसा पालटतो, हे प्रश्न संगीताचे आहेत. भीमसेन जोशींच्या अभंगवाणीविषयी आपण हे प्रश्न हक्काने विचारतो. प्रल्हाद शिंद्यांविषयी न विचारणे, हाही एक प्रकारचा भेदभावच.

आणि परीक्षण म्हटले की दोषही दाखविले पाहिजेत. कॅसेटच्या घाईत एकाच चालीवर दहा गाणी बेतली गेली. द्व्यर्थी शब्दांनी जिथे लावणीचा खट्याळपणा व्हावा तिथे नुसता चावटपणा झाला. ध्वनिक्षेपकाच्या गदारोळात ढोलकीची नजाकत हरवली. हे सांगायला कोणी भिऊ नये. ज्याचे दोष कोणी गंभीरपणे दाखवीत नाही, त्याला कोणी गंभीरपणे कलावंतही मानत नाही.

ही दुखणी आपल्याच वाट्याला आली आहेत असे नाही. जपानमध्ये योकोहामातील एका मासळीविक्रेत्याच्या घरी १९३७ साली जन्मलेली मिसोरा हिबारी युद्धोत्तर काळात लहान वयातच रंगमंचावर आली. मुलीने थोरांची गाणी थोरांच्या ढंगात गावीत, हे तेथील सुसंस्कृत टीकाकारांना अनैसर्गिक वाटले. सामान्य जनतेने मात्र तिला डोक्यावर घेतले. जून १९८९ मध्ये ती वारली आणि पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांतर्फे दिला जाणारा राष्ट्रीय जनसन्मान तिला मरणोत्तर देण्यात आला. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. गाण्यावर वाद असेल तर तो गायकाच्या हयातीतच आणि गाण्याविषयीच व्हावा, हे तिच्या कथेवरूनही दिसते.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. वृत्तपत्रांनी ख्यालाच्या मैफलीला जी जागा आणि जो जाणता लेखक दिला जातो, तो लावणीच्या, शाहिरीच्या आणि भीमगीतांच्या कार्यक्रमालाही द्यावा. बातमीदाराने गर्दी मोजून परत येऊ नये. परीक्षणात ढोलकीवादकाचे, हलगीवाल्याचे, झीलकऱ्याचे नाव छापावे. सुलोचनाबाईंच्या गाण्याला साथ देणाऱ्या हातांची नावे आज किती रसिक सांगू शकतील? मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. तिथे कलावंत घडविण्याबरोबर समीक्षकही घडवावेत. आणि जे ज्येष्ठ गायक-वादक अद्याप आपल्यात आहेत, त्यांच्याशी त्यांच्या दारिद्र्याविषयी बोलण्याआधी त्यांच्या कलेविषयी बोलावे आणि ते नोंदवून ठेवावे.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आपले राज्यगीत स्वीकारले. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि ज्या आवाजाने ते मराठी मनात रुजविले तो शाहीर साबळे यांचा. ते गीत लागले की आता आपण उभे राहतो. एका शाहिराचा, म्हणजे लोकप्रिय गायकाचा आवाज राज्याच्या मानचिन्हांत जाऊन बसला. उभे राहणे हा आदर झाला. त्या आवाजात असे काय आहे की तो दुसऱ्या कोणाच्या गळ्यातून तसा निघत नाही, हे बसून ऐकणे आणि लिहिणे हा न्याय होईल. आणि तो अजून दिला जायचा आहे.